तुळसाआत्याचा आगीनाग

परवा शीलाच्या नातीनं तिचं गोष्टींचं पुस्तक माझ्या मांडीवर आणून आपटलं. चकचकीत चित्रं. एक हिरवागार ड्रॅगन, पंख पसरलेले, आणि त्याच्या पाठीवर गोरागोमटा राजपुत्र लगाम धरून बसलेला. "शालूआजी, बघ ना, याने त्याला पकडलं. आता तो याचं सगळं ऐकणार."

मी म्हटलं, "आणि त्या ड्रॅगनला विचारलं कुणी?"

पोरगी खो खो हसली. "अगं, ड्रॅगनला कोण विचारतं? गोष्टीतला आहे तो!"

माझं डोकंच फिरलं. एवढ्याशा पोरीवर काय चिडायचं, पण चिडले. कारण हेच बोलणं मी माझ्या बापाच्या तोंडून ऐकलेलं, आणि ज्या बाईला तो बोललेला तिच्याबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलं नाही. ज्यांना कळायला हवं होतं ते सगळे मेले, म्हणून राहून गेलं. आता सांगते. मध्ये बोलू नका.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीपलीकडं, कळवा सोडलं की पारसिकच्या डोंगराच्या अंगाला. आम्ही आगरी. पावसाळ्यात भात, उन्हाळ्यात मीठ. गावाखाली मिठागरं पसरलेली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात सुकवायचं, मीठ ओढून ढीग लावायचे. माझा बाप राघो तिथं मुकादम. गावात त्याच्या शब्दाला मान, आणि घरात तर दुसऱ्या कुणाला शब्दच नव्हता. घरात आई, माझी थोरली बहीण गोदा, आणि मी. भाऊ नाही, म्हणून बापाच्या कपाळावर कायम आठी.

तुळसाआत्या बापाची चुलत बहीण, त्याच्याहून बरीच मोठी. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही. बांधाच्या कडेला, आमच्याच जागेत तिची झोपडी. काळी, उंच, दात पुढं, आणि आवाज असा की खाडीपलीकडच्या माणसानं मान वळवावी. ती गावची धवलारीण. तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते, आमच्यात लग्न धवलारीण लावते. भटजी असला तर असला, नसला तर काही अडत नाही. धवला म्हणजे लग्नाची गाणी, हळदीपासून पाठवणीपर्यंत. ती तिनं म्हटली की लग्न लागलं. आमच्या गावात आणखी एक रीत होती. नवरीला हळदीला बसवलं की धवलारीण तिच्या कानाशी वाकायची आणि विचारायची, "पोरी, धवला धरू कं?" नवरीनं म्हणायचं, "धर." मग गाणं सुरू.

खरं सांगायचं तर नुसती रीतच होती ती. आया पोरींना आधीच पढवून ठेवायच्या, विचारलं की धर म्हण, लाजू नको आणि जास्त शहाणपणा करू नको. कुणा पोरीनं दुसरं काही म्हटल्याचं कुणाच्या आजीनंसुद्धा ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्यात मीठ ओढून झालं की संध्याकाळी आम्ही पोरंपोरी आत्याच्या झोपडीपुढं जमायचो. पायांना मिठानं चिरा पडलेल्या, त्यावर खोबरेल चोळत बसायचं आणि आत्यानं गोष्ट सांगायची. गोष्टी तिच्याकडं ढीगभर होत्या, पण आम्हाला एकच हवी असायची. आगीनागाची.

पारसिकच्या पोटात एक आगीनाग राहतो. खाडीएवढा लांब, पाठीवर पाकट माशासारखे चामड्याचे पंख, आणि फुंकर मारली तर आग. त्याच्या एका फुंकरीनं अख्खं मिठागर दिवसात सुकतं. तर एका वर्षी ढग हटेनात, मीठ होईना, आणि राजानं आपल्या पोराला पाठवलं, जा, त्या आगीनागाला वेसण घालून घेऊन ये, बैलासारखा राबवू. गोष्ट आजूबाजूच्या सगळ्या गावांत सांगायचे. बाकीच्या गावांत राजाचा पोर मंत्र मारायचा, नागाच्या नाकात वेसण घालायचा, आणि नाग मान खाली घालून त्याच्या मागं चालायला लागायचा. संपली गोष्ट.

तुळसाआत्याची तशी संपायची नाही. तिच्या गोष्टीत पोर गुहेपुढं उभा राहायचा, वेसण हातात धरायचा आणि विचारायचा, "आगीनागा, वेसण घालू कं?" आणि इथं आत्या थांबायची. डोळे मिटायची, मान जराशी वाकडी करायची, आणि ऐकत बसायची. आम्ही श्वास रोखून. मग डोळे उघडून तो काय बोलला ते सांगायची. दर वेळी वेगळं! कधी म्हणायचा, घाल, पण पावसाळ्यात मी उडून जाणार. कधी नुसताच कूस बदलून झोपून जायचा, आणि राजाच्या पोराला वाट बघत दाढी यायची. एकदा रागानं राजवाडा जाळला. एकदा रडला. आणि एकदा म्हणाला, "आधी तुझ्या नाकात घालून दाखव." राजाचा पोर धूम ठोकून पळाला! गोदा त्या दिवशी एवढी हसली की तिला ठसका लागला. तशी गोदा हसणारी नव्हती. तोंडावर पदर धरून खाली बघणारी पोर. पण नंतर कितीतरी दिवस मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना मध्येच ती पुटपुटायची, आधी तुझ्या नाकात, आणि एकटीच खुदखुदायची.

धाकू म्हणून एक पोरगा होता शेजारचा, तो भांडायचा. "असं कसं गो आत्या? काल नाग हो बोलला, आज नाय बोलतो. खरं काय ते सांग ना!"

"मना काय ठावं? आज त्याचं मन नाय."

एकदा बाप बांधावरून येता येता उभा राहिला आणि ऐकून हसला. "बाय, सापाला कसलं इचारायचं? गोष्टीतला साप तो. तू नाचवशील तसा नाचंल."

आत्या म्हणाली, "गोष्ट माझी हाय, राघो. तो माझा नाय."

बापानं मान हलवली, येडी हाय म्हणाला आणि गेला. आम्ही पोरं मात्र खूश. सांगणारीलाच पुढचं ठाऊक नाही अशी गोष्ट आम्ही दुसरी कुठली ऐकलेली नव्हती.

एकावन्न साली गोदाचं लग्न ठरलं. विठ्ठलवाडीच्या बाजूचं घर. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत निर्वासित आले, त्यांना दूध-गवत विकून ही माणसं वर आलेली. पक्कं घर, स्वतःची विहीर, बैलांच्या तीन जोड्या. नवरा भिवा. बापाचे पाय जमिनीला लागेनात. आमच्या मिठागरातल्या पोरीला असं घर कुठलं मिळायला, असं आल्यागेल्याला सांगायचा.

गोदानं भिवाला आधी पाहिलेलं. बापाबरोबर कल्याणला बैलबाजाराला गेलेली, तिथं. भिवाचा बैल चिखलात अडलेला, पुढं येईना. भिवानं वेसण हाताला गुंडाळली आणि ओढली. ओढतच राहिला. बैलाची नाकपुडी फाटली, रक्ताची चिळकांडी उडाली, तरी थांबला नाही. आणि बैल चिखलातून निघाल्यावर हसला. गोदानं मला हे हळूच सांगितलं. "शाले, तो हसला गो," एवढंच परत परत म्हणत होती. आईला सांगितलं तर आई म्हणाली, बैलाला मारतात पुरुष, त्यात काय. बापाला सांगायची कुणाची छाती?

हळदीच्या दिवशी मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. उंबराची फांदी रोवलेली, बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मी बारा वर्षांची, नवरीशेजारी हळदीचं ताट धरून. बाप मांडवाच्या खांबाला टेकून उभा. आत्यानं हळदीत बोट बुडवलं, गोदाच्या कपाळाला लावलं, कानाशी वाकली.

"पोरी, धवला धरू कं?"

गोदानं मान वर केली नाही. हळूच, पण अगदी स्पष्ट म्हणाली, "नको धरू."

मी ऐकलं. आत्यानं ऐकलं. आत्याचं बोट तसंच हवेत राहिलं, हळद टपकून ताटात पडली. मला वाटलं आता आत्या डोळे मिटणार, मान वाकडी करणार. तिनं वर बघितलं. बापाकडं. बाप खांबापासून सरळ झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय झालं बाय? घसा बसला कं?" चार बायका हसल्या. बाप हसत नव्हता.

आणि आत्यानं धवला धरला.

असा धवला गावानं कधी ऐकला नाही, असं नंतर लोक कितीतरी दिवस म्हणत. आवाज नुसता पारसिकला जाऊन धडकत होता. मी ताट टाकून आईकडं पळाले, "आये, गोदी नको बोलली! मी ऐकलं!" आईनं दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळानिळा राहिला. "तोंड बंद कर कार्टे, वऱ्हाडी ऐकतील." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी त्या मांडवात खाल्ला. गोदा खाली बघत बसून राहिली. हळद लावली तशी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी गेली.

मी आत्याकडं जायचं टाकलं. ती बांधावर दिसली की मी उलट्या वाटेनं जायचे. गोदा सणाला आली तेव्हा हात भरून बांगड्या आणि बांगड्यांखाली वळ. आईनं पाहिलं आणि हळदीचा लेप लावून दिला. बापानं पाहिलं नाही. त्याला न बघायची कला अवगत होती, जळ्ळी मेली!

त्रेपन्नच्या उन्हाळ्यात निरोप आला, गोदा पाणी शेंदताना विहिरीत पडली. पाय घसरला. आई-बाप गेले, तिथंच सगळं करून आले. आई परत आली ती मुकीच होऊन. काही विचारलं तर भिंतीकडं तोंड करायची.

त्या संध्याकाळी गोदाच्या लग्नानंतर पहिल्यांदा मी आत्याच्या झोपडीत शिरले. ती चुलीपुढं बसलेली, चूल पेटवलेली नव्हती. मला जे बोलायचं होतं ते मी दोन वर्षं दातांखाली धरून ठेवलेलं. "तुझ्या त्या सापाला 'नाय' असं बोलता येतं. त्याचं ऐकून तू राजाला हरवतेस. माझी बहीण काय सापाहून हलकी होती? बोल ना! तेव्हा गाताना तुझी जीभ झडली का नाय?"

मी भांडं लाथाडलं. शिव्या दिल्या, येत होत्या तेवढ्या सगळ्या. शेवटी दमून तिथंच रडत बसले. मग ती म्हणाली, "झोपडी राघोची, काम राघोचं. मी भ्याले गो. पोर बोलली आणि मी भ्याले." थोड्या वेळानं म्हणाली, "आता तो पण नाय बोलत माझ्याशी. गुहेपर्यंत जाते, इचारते, आणि काहीच नाय."

"बरं झालं," मी म्हटलं आणि निघून आले. पण खरंच, त्या वर्षापासून तिनं आगीनागाची गोष्ट सांगितली नाही, आणि कुणाच्या लग्नाला धवलाही म्हटला नाही. घसा गेला म्हणायची. शेजारच्या गावची धवलारीण यायला लागली.

आता ऐका पुढचं. वर्ष उलटायच्या आत विठ्ठलवाडीहून माणसं आली. घरातली पोर घरात राहू दे, धाकटी द्या. धाकटी म्हणजे मी. आमच्यात होतं असं, बायको गेली की तिची पाठची बहीण देतात, पण बापाच्या मनात निराळंच होतं. गोदाबद्दल लोक कुजबुजायला लागलेले. पाय घसरला म्हणे, बारा महिने तीच विहीर शेंदणारीचा पाय घसरतो होय? बापानं हिशेब केला, दुसरी पोर दिली की लोकांची तोंडं बंद. संशय असता तर बापानं धाकटी दिली असती का, असं सगळे म्हणतील. त्यांचीही अब्रू राहते, याचीही राहते. माझ्या जिवावर दोन्ही घरं धुऊन निघणार होती.

मी नाही म्हटलं. मार खाल्ला. परत नाही म्हटलं. तेव्हा बाप शांतपणे म्हणाला, "हळदीला बसशील आणि इचारलं की धर बोलशील. नाय बोललीस तर तुझ्या आईला घरातून काढीन, खाडीत जाऊन मरू दे." आणि तो करणारा माणूस होता. मला विहीर दिसायला लागली. जागेपणी दिसायची, भात कालवताना दिसायची.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात तुळसाआत्या आपल्या पायांनी आमच्या दारात आली. "राघो, तुझ्या घरचा धवला माझा हाय. परक्या गावची कशाला?" बापाला बरंच वाटलं. सगळं जुनं मिटलं असं त्याला वाटलं असणार. मी आतून तिच्याकडं बघितलं, आणि देवाशप्पथ सांगते, हातात कोयता असता तर मी फेकून मारला असता. म्हटलं, एकीला गाऊन पुरली, आता दुसरीला पुरायला आली.

हळद. तोच मांडव, तीच उंबराची फांदी, तोच खांब आणि खांबाला बाप. या वेळी वराकडची माणसंही हळद घेऊन आलेली, भिवाचा चुलता, भाऊबंद, पुढं बसलेले. आत्यानं बोट हळदीत बुडवलं. कपाळाला लावलं. मी वाट बघत होते की ती कानाशी वाकेल. वाकलीच नाही. उभी राहिली, छाती भरून घेतली, आणि तिचा तो धवल्याचा आवाज, जो गेला म्हणत होती, तो काढून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं.

"शालू! पोरी! धवला धरू कं?"

मी बापाकडं बघितलं. मग आईकडं. आई माझ्याकडंच बघत होती, आणि तिनं अगदी थोडीशी, कुणाला दिसेल न दिसेल अशी, मान नाही म्हणून हलवली.

"नको धरू," मी म्हटलं.

बाप ओरडला, "लाजते पोर. धर बाय, धर!"

"नाय धरत." आत्यानं हळदीचा हात आपल्याच लुगड्याला पुसला. "गोदी याच पाटावर 'नको' बोललेली. मी ऐकलं, आणि ऐकलं नाय असं केलं. तू पण ओळखलंस, राघो. विहिरीत पोर घसरली नाय. आपण ढकलली, तू आणि मी, याच मांडवातून."

गोदाचं नाव निघालं तशी वराकडची माणसं उठली. भिवाचा चुलता म्हणत होता, असली कटकट आम्हाला नको, उद्या पोलिसात जाईल. बाप बायकांवर धावला, "कोण म्हणतं धवला? म्हणा कुणीतरी! सगळ्यांना येतो!" आणि येत होता हो, सगळ्यांना येत होता, लहानपणापासून ऐकलेला. एकीनंही तोंड उघडलं नाही. आईचा तो चिमटा आठवला की मागोमाग मला या बायका आठवतात, आणि राग थोडा कमी होतो.

मग बापानं आत्याला धरून ढकललं. ती खांबावर आपटली आणि तिथंच हळदीच्या जात्यावर पडली. कंबरेतून असा आवाज आला की जवळच्या बाया किंचाळल्या. त्यानंतर ती कधी सरळ चालली नाही.

मला कोठीत कोंडलं. दोन दिवसांनी, उजाडायच्या वेळी आईनं कडी काढली. आई नौपाड्यात डॉक्टरीणबाईंच्या घरी सुका जवळा विकायला जायची, त्यांचं बाळंतपणाचं लहानसं हॉस्पिटल होतं. माझ्या हातात टोपली देऊन म्हणाली, "त्यांच्याकडं जा. ये बोलल्यात. परत येऊ नको." मी तिला मिठी मारली तर तिनं मला लांब केलं, आणि गोदाच्या मरणानंतर पहिल्यांदा गोदाबद्दल बोलली. "मी तिला न्हाऊ घातलं. तिची नाकपुडी फाटलेली, शाले. नथीसकट ओढलेली." मग मला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

अशी मी नौपाड्यात आले, आया म्हणून राहिले, आणि बाईंची शीला माझ्या हातावर जन्मली. लग्न केलं नाही. विचारायला बरेच आले, तोंडावर नको म्हणायची मला तोवर सवय लागलेली.

आत्याला गावानं वाळीत टाकलं. नुसती लग्न मोडल्याची शिक्षा नव्हती ती; बोलू नये ते ती बोलली, आणि साऱ्यांना ऐकवलं. तिला कुणी विस्तव देईना, पाणी भरू देईना. पोरांना तिच्या झोपडीकडं फिरकायची बंदी. आत्याला झोपडीतून बापानं काढलं नाही, कंबर त्यानंच मोडलेली. आईलाही घरातून काढलं नाही, तेवढी त्याला लाज राहिली असावी, किंवा भाकरी कोण भाजणार हा प्रश्न असावा. आई चोरून शिळंपाकं नेऊन ठेवायची. मी सुट्टी मिळाली की पूल ओलांडून जायचे. तिला धुवायचं, अंथरूण बदलायचं, भात शिजवून ठेवायचा. आम्ही दोघी फार बोलायचो नाही. माफ केलं असं मी तिला कधी म्हटलं नाही. तिनं माफी मागितलीही नाही. पण भात मऊ करायचे मी, तिला चावता येत नव्हतं म्हणून.

अठ्ठावन्न साली ती गेली. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे सुटले. खांदा द्यायला गावातला एक बाप्या आला नाही. पुढं मी, मागं माझी आई, आणि डॉक्टरीणबाईंनी पाठवलेले दोन वॉर्डबॉय. बांधावरून नेताना लोक दारांत उभे राहून बघत होते. बाप उंबऱ्यात होता. आई त्याच्या डोळ्यांदेखत घरातून निघाली, त्याच्या समोरून गेली, आणि बांबू खांद्यावर घेतला. त्यानं हाक मारली नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आदल्या संध्याकाळचं. आत्याला ताप चढलेला, अंग नुसतं निखारा. खाडीला भरती होती, बांधाशी पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. मी तिच्या उशाशी बसलेले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, आगीनागाची सांग ना."

मला वाटलं रागावेल. पण तिनं सांगायला घेतली. आवाज उरलाच नव्हता, नुसती हवा. राजाचं मिठागर आलं, न हटणारे ढग आले. राजाचा पोर पारसिकच्या पायथ्याशी आला, गुहेपुढं उभा राहिला, वेसण हातात धरली. "आगीनागा, वेसण घालू कं?"

आणि ती थांबली. डोळे मिटले. मान जराशी वाकडी. मी लहानपणासारखी श्वास रोखून बसले. बराच वेळ गेला.

"अजून गप्पच हाय कं गो तो?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "तो कधीच गप नव्हता. मी खोटं बोलले तुला. गोदीच्या हळदीपासून रोज बोलतो, एकच बोलतो. मांडवात साऱ्या गावाला सांगितलं मी, पण गोष्टीत त्याच्या तोंडी घालायला माझी जीभ वळत नाय."

"काय बोलतो?"

तिनं मला जवळ बोलावलं. मी वाकले. तिनं आपले तापलेले ओठ माझ्या कानाशी आणले, हळदीला नवरीच्या कानाशी आणायची तसे. आणि हळूच, पण अगदी स्पष्ट, माझ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली,

"नको धरू."